जंगलातील वाट दिसते म्हणून ती खुली असते का? नागपूर परिसरात फोर बाय फोर गाड्या नेण्याविषयी

लो-रेशो यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. नागपुरातील आम्ही काही मित्र फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, गाड्या बाळगून आहोत. त्यात तीन थार आहेत, एक जिम्नी आहे आणि एक सव्वीस वर्षांची जिप्सी आहे, जिचा मालक तिला घरातील वडीलधाऱ्या माणसासारखा जपतो. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे निघायचे, शहराबाहेरच्या कच्च्या वाटांवर दोन-तीन तास गाड्या चालवायच्या, डब्यातले पोहे खायचे, स्टोव्हवर चहा करायचा आणि ऊन चढण्याआधी घरी परतायचे, एवढाच आमचा छंद आहे. आम्ही गाणी लावत नाही, कचरा परत आणतो आणि गाडी चालवणारा माणूस दारूला शिवत नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे घडले त्यात आम्ही स्वतःला पूर्ण निर्दोष समजत होतो.

गेल्या महिन्यात शहराच्या पश्चिमेला, एका तलावामागच्या माळावर आम्ही गेलो होतो. पळस, बोर आणि बाभळीची खुरटी झाडे, मधूनमधून उघडा मुरूम, असा तो भाग आहे. तेथे फाटक नव्हते, कुंपण नव्हते, फलकही नव्हता. बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाऊन जाऊन पडलेली चाकोरी मात्र स्वच्छ दिसत होती. आम्ही टायरमधील हवा कमी केली, नाला ओलांडला आणि पलीकडच्या टेकाडावर गाड्या चढवल्या. परत फिरताना नाल्याच्या अलीकडे दोन वनरक्षक मोटारसायकल लावून उभे होते. त्यांनी गाड्यांचे क्रमांक टिपले, छायाचित्रे घेतली आणि हे वन असल्याचे सांगितले. आमच्यापैकी एकाने फलक कुठे आहे असे विचारले आणि दुसऱ्याने आम्ही रस्ता कर भरतो असा युक्तिवाद केला. त्याचा परिणाम एवढाच झाला की दहा मिनिटांत संपले असते ते प्रकरण दोन तास चालले. शेवटी नावे-पत्ते लिहून घेऊन आणि समज देऊन त्यांनी आम्हाला सोडले.

घरी आल्यावर मात्र माझ्या मनात प्रश्न उरले. नागपूरभोवतीच्या जंगलांत वाहनांसाठी खुल्या असलेल्या वाटांची एखादी यादी आहे काय? एखादी जमीन वनाची आहे की महसुलाची, हे जागेवर उभे राहून कसे ओळखावे? परवानगी घेऊन जाण्याची काही रीत आहे काय, आणि असल्यास ती कोणाकडे मागावी? पावसाळ्यात आमचा मोठा बेत आहे, त्याआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काळा कोट यांचे उत्तर

लो-रेशो साहेब, मी येथील खंडपीठात वकिली करतो आणि वनगुन्ह्यांची काही प्रकरणे हाताळली आहेत. आपल्याला समज देऊन सोडले, हे आपले नशीब समजा. आपण प्रश्न उलट्या टोकाने धरला आहे. ही वाट बंद केल्याचे कोठे लिहिले आहे, असे आपण विचारता. वनकायदा मात्र ती आपल्यासाठी कोणी उघडली, असे विचारतो. म्हणून खुल्या वाटांची यादी मागण्याआधी ज्या जमिनीवरून ती वाट जाते ती जमीन कोणती, हे पाहावे लागते.

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये राखीव वन आणि संरक्षित वन असे दोन मुख्य प्रकार येतात. राखीव वनात परवानगीवाचून प्रवेश करणे हाच कलम २६ खाली गुन्हा आहे. झाड तोडले नाही, काही उचलले नाही, ही सबब त्या ठिकाणी चालत नाही. संरक्षित वनात गावकऱ्यांचे काही वापर चालू असतात आणि शासन नियम करून त्यांवर बंधने घालते. शिवाय कलम ३० नुसार अशा वनाचा एखादा भाग तीस वर्षांपर्यंत बंद ठेवता येतो. फलकाबाबत आपल्या मित्राने केलेला युक्तिवाद मी न्यायालयातही ऐकला आहे आणि तो टिकताना पाहिलेला नाही. वनाची सीमा राजपत्रातील अधिसूचनेने ठरते. फलक लावणे ही सोय आहे, अट नव्हे.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि तो बराच कडक आहे. कलम २७ नुसार कर्तव्यावरील लोकसेवक, आत राहण्याची परवानगी असलेले किंवा आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक आणि त्यांचे अवलंबित, तसेच सार्वजनिक महामार्गाने नुसते पार जाणारे प्रवासी सोडल्यास इतर सर्वांना कलम २८ खालील परवाना लागतो. छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशी परवान्याची कारणे त्यात नमूद आहेत. गाडीची ताकद अजमावणे हे त्यांत नाही. या कायद्यातील वाहनाची व्याख्या इतकी रुंद आहे की तिच्यात बैल, रेडा, उंट, गाढव, हत्ती आणि घोडासुद्धा येतो, त्यामुळे थार येते की नाही हा वाद घालण्यात अर्थ नाही. गुन्ह्यात वापरलेले वाहन कलम ५० खाली जप्त करता येते. ते सोडवायला पक्षकाराला किती खेपा घालाव्या लागतात हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्या काळात गाडी उन्हापावसात उभी असते हे वेगळे.

आता आपल्या माळाकडे येतो, कारण खरी गोम तेथेच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीन आहे आणि तिचे क्षेत्र ८६,४०९ हेक्टर सांगितले जाते. ती पाहताना पडीक माळ वाटते. वर्षानुवर्षे तिच्यावर गुरे चरत आली आहेत आणि काही ठिकाणी तर घरे आणि शासकीय कार्यालयेही उभी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाल देऊन ही जमीन आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार वनजमीनच मानली जाईल असे स्पष्ट केले. डोळ्यांना जंगल दिसत नाही म्हणून ते जंगल नाही, असे विदर्भात तरी म्हणता येत नाही.

ओळखण्याची रीत फार अवघड नाही. मोबाईलवर उभ्या जागेचा गट क्रमांक काढावा, महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर तो गट पाहावा आणि महाभूलेख या संकेतस्थळावर त्याचा सातबारा वाचावा. गावनकाशावर तुटक दुहेरी रेषा असेल तर तो गाडीमार्ग असतो, तुटक एकेरी रेषा असेल तर पायमार्ग. विदर्भापुरती आणखी एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या मंडळींना ठाऊक नसते. जमीन महसूल संहिता, १९६६ मधील निस्तार पत्रक (गावाच्या चराई-सरपणासारख्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद केवळ विदर्भाला लागू आहे, आणि वाजिब-उल-अर्जात गावातील वहिवाटीचे, म्हणजे येण्याजाण्याचे, रिवाज नोंदलेले असतात. मात्र ती वहिवाट गावकऱ्यांची आहे. बैलगाडीला वाट आहे म्हणून शहरातून आलेल्या पाच जीपगाड्यांनाही ती आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

रस्ता कराबद्दल एवढेच सांगतो की तो सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्यासाठी आहे. वनखात्याने गस्तीसाठी राखलेली वाट ही सार्वजनिक रस्ता नव्हे. उलट राखीव वनातील सार्वजनिक वाटसुद्धा पर्यायी मार्ग उपलब्ध असल्यास शासनाच्या मंजुरीने बंद करता येते, असे वन अधिनियमाचे कलम २५ सांगते.

जाता जाता गाड्यांबद्दल. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ विषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल पाहावा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेले बदल त्यानुसार चालत नाहीत. समोरच्या लोखंडी गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बोट ठेवले होते. जंगलात अडवलेल्या गाडीची तपासणी बहुधा या गोष्टींपासूनच सुरू होते.

जुना परिक्षेत्र यांचे उत्तर

मी वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कायद्याचे वकीलसाहेबांनी लिहिले आहे, मी जमिनीवरचे लिहितो.

आपल्याला जी एकच वाट वाटते ती आमच्या लेखी तीन-चार प्रकारची असते. झाडतोडीच्या काळात लाकूड काढण्यासाठी पाडलेला तो कूपरस्ता. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला भाग, संपला की तो रस्ता मिटावा अशीच अपेक्षा असते. वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून गवत जाळून आणि साफ करून ठेवलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. ती रुंद आणि सरळ असल्यामुळे गाडीवाल्यांना फार मोह घालते, पण ती रस्ता नव्हेच. तिसरी गस्तीची वाट आणि चौथी गावाची जुनी वहिवाट. यांपैकी फक्त चौथीवर बाहेरच्या माणसाला काही बोलायला जागा आहे, तीही मर्यादित.

नागपूरभोवती जंगलाचे कारभारीही वेगवेगळे आहेत. प्रादेशिक वनविभाग वेगळा, पेंच व्याघ्र प्रकल्पासारखे वन्यजीव विभाग वेगळे, १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाची वने वेगळी, आणि त्यांच्या मधोमध महसुलाची झुडपी जमीन. एकाच सकाळी दहा किलोमीटरच्या फेरीत आपण तीन कारभाऱ्यांच्या हद्दी ओलांडू शकता. म्हणून ‘एका साहेबांनी फोनवर हो म्हटले’ या भरवशावर निघू नये. तो साहेब आपल्या हद्दीपुरता हो म्हणाला असेल.

गाड्या गेल्याने काय बिघडते, असे तुम्हा मंडळींना वाटते, ते मी समजू शकतो, कारण बिघडलेले लगेच दिसत नाही. सकाळी वनरक्षक गस्तीला निघतो तेव्हा मऊ धुळीच्या वाटेवर रात्रीची सगळी हालचाल उमटलेली असते. सांबर कोठून उतरले, अस्वलाने कोणते वारूळ उकरले, बिबट किती वेळ वाटेने चालला आणि कोठे झुडपात वळला, हे तो त्या धुळीत वाचतो आणि वहीत लिहितो. वाघाला आपल्यासारखीच मोकळी वाट आवडते, त्यामुळे ट्रॅप कॅमेरेही वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. पहाटे पाच गाड्या एकामागे एक गेल्या की ती धूळ कोरी होते. आपल्याला अडवणारे ते दोघे जण बहुधा त्याच कारणाने वैतागलेले असतील. काटोल-कोंढाळीच्या प्रादेशिक वनांतही वाघाचा वावर आहे, आणि बोर व्याघ्र प्रकल्पाकडून येणाऱ्या वाघाला तो माळ अभयारण्यात येतो की नाही हे ठाऊक नसते.

दुसरे म्हणजे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. टिटवी आणि रातवा घरटे असे बांधतच नाहीत. मुरमाच्या खडबडीत जागी नुसती अंडी ठेवतात, आणि त्यांचा रंग खड्यांत इतका मिसळतो की पायी चालणाऱ्यालाही ती दिसत नाहीत. एकदा मी टायरच्या ठशापासून चार बोटांवर टिटवीची तीन अंडी पाहिली होती; चौथे ठशात होते. मार्च ते पावसाळ्यापर्यंतचा काळ त्यांचा असतो. गाड्यांच्या टायरला चिकटलेल्या चिखलातून गाजरगवताचे बी कोठल्या कोठे जाते, ते तर विचारूच नका. पूर्वी ज्या नाल्यात ते नव्हते तेथे ते वाटेच्या दोन्ही कडांनी रांगेत उगवलेले मी पाहिले आहे. रांग पाहूनच कळते की ते कोण घेऊन आले.

तिसरी आणि सगळ्यांत धोक्याची गोष्ट आगीची. आमच्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. सागाची पाने गळून घोटाभर थर साचलेला असतो, मोह वेचणारी आणि पुढे तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेपासून जंगलात असतात. चढावर इंजिन ओरडून तापलेली गाडी वाळल्या गवतात उभी केली, की खालच्या एक्झॉस्टची उष्णता पुरेशी ठरू शकते. राखीव वनात आग लावणे किंवा हंगामात विस्तव बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आपण बाहेर काढलेला तो चहाचा स्टोव्ह त्यातच मोडतो. त्या चार महिन्यांत परवानगी मागूही नये, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली, आणि त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. त्या गाड्या परवानाधारक होत्या, सोबत गाईड होते. त्यानंतर क्षेत्रीय कर्मचारी खासगी गाड्यांच्या बाबतीत पूर्वीसारखे डोळे मिटून घेत नाहीत, आणि त्यांनी घेऊही नयेत. पेंचच्या बाबतीत आपल्यासाठी सरळ मार्ग हाच की सिल्लारी, चोरबाहुली किंवा खुर्सापारच्या फाटकावर रीतसर आरक्षण करावे आणि नोंदणीकृत जिप्सीत बसावे. तेथे स्वतःची गाडी चालवण्याचा हट्ट सोडावा.

दूरदेशी यांचे उत्तर

माझी मुलगी अमेरिकेत कोलोरॅडोत राहते, तेथे गेलो असताना जावयाने मला त्याच्या गाडीतून राष्ट्रीय वनात नेले होते, म्हणून थोडे लिहितो. आपल्याकडे समज अशी की तिकडे सगळे मोकळे असते. प्रत्यक्षात १९७२ मध्ये निक्सन यांच्या आदेशाने सार्वजनिक जमिनीवरील अशा वाहनांवर नियंत्रण आणण्याचे धोरण ठरले, आणि २००५ च्या नियमानंतर तेथील वनसेवेने प्रत्येक वनासाठी वाहनमार्गांचा नकाशा काढायला घेतला. त्या नकाशावर जो रस्ता नाही, तो बंद. वाटेवर फलक असो वा नसो. म्हणजे तत्त्व तेच आहे जे काळा कोट सांगतात.

फरक असा की तो नकाशा फुकट मिळतो. काळ्या-पांढऱ्या रंगात, दिसायला अगदी रूक्ष. पण कोणता रस्ता नोंदणीकृत गाड्यांनाच खुला, कोणता सर्व वाहनांना, कोणती पायवाट पन्नास इंचांपेक्षा अरुंद वाहनांनाच, आणि कोणती कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हे सगळे त्यावर असते. जावई निघण्यापूर्वी टेबलावर तो पसरून बसला होता आणि बर्फ वितळून चिखल झालेला एक मार्ग त्या तारखेला बंद असल्याने त्याने बेतच बदलला. वन खात्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. निदान प्रादेशिक वनांतील पाच-सहा जुन्या रस्त्यांचा असा नकाशा काढला, शुल्क लावले, गाड्यांची संख्या ठरवली, तर लोक चोरून जाणार नाहीत. नुसते ‘नाही’ म्हणत राहिल्याने माळावरच्या चाकोऱ्या वाढतातच, हेही अधिकाऱ्यांनी पाहावे.

काळा कोट यांचे उत्तर

दूरदेशी साहेबांची सूचना विचार करण्यासारखी आहे. फक्त एक भेद लक्षात ठेवावा. असलेल्या वनरस्त्यावरून ठराविक दिवशी जाण्याची परवानगी ही एक गोष्ट, आणि वनजमिनीवर चढ-उतार, खड्डे, चिखलाची डबकी करून कायमचा ट्रॅक उभारणे ही दुसरी. दुसरी गोष्ट १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातील वनेतर वापरात मोडेल आणि मग केंद्राच्या पूर्वमंजुरीचा प्रश्न येतो. उपवनसंरक्षक, म्हणजे वनविभागाचे प्रमुख, आपल्या सहीने ती देऊ शकत नाहीत. ट्रॅकच हवा असेल तर खासगी जमीन भाड्याने घ्यावी. नोंदणी नसलेली चारचाकी एटीव्ही (कच्च्या जमिनीवर चालवायची छोटी गाडी) सुद्धा तेथेच, ट्रेलरवर नेऊन चालवावी. तिला डांबरी रस्त्यावर उतरवणेही अडचणीचे आहे.

पारशिवनीकर यांचे उत्तर

नमस्कार. मी शेतकरी आहे, पारशिवनी तालुक्यात माझी कापूस आणि तुरीची शेती आहे. येथे सगळे जण वन खात्याबद्दल लिहीत आहेत, म्हणून गावाची बाजू लिहितो.

लो-रेशो भाऊ, तुम्ही जंगल टाळून पांदणीने जायचे ठरवाल, कारण पांदण सार्वजनिक आहे आणि तेथे तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. कायद्याने ते खरे असेल. परंतु दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या पांदणीतून अशाच सहा गाड्या गेल्या. आमची जमीन काळी, खोल भेगांची. पाऊस लागला की ती फुगते आणि चाकाला अशी धरते की बैलाचा पाय निघत नाही. तुमच्या गाड्यांना ती मजा होती. एक फसली, दुसरीने तिला विंचने ओढली, चाके जागेवर फिरली आणि मांडीएवढ्या दोन नाल्या पडल्या. पाणी त्या नाल्यांत शिरले, वाट सोडून माझ्या बांधावरून वाहिले आणि बांध फुटला. दिवाळीपर्यंत मला कापूस डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणावा लागला, कारण बंडी त्या चाकोरीत उलटत होती. गाडीवाल्या पोरांनी जाताना हात हलवून रामराम केला होता. त्यांना पुढचे काही कळलेही नसेल.

दुसरी गोष्ट. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार त्या जंगलात कोणी कसे यावे याचे नियमन करण्याचा आणि वन्यप्राण्यांना किंवा जंगलाला अपाय करणारे काम थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. वन खात्याचा कागद आणला तरी आम्हाला विचारावे लागेल. विचारलेत तर आम्ही नाहीच म्हणू असे नाही. तुरी निघाल्यावर जमीन कडक असते, आगीचा हंगाम लागायला थोडा अवधी असतो, तेव्हा सरपंचाला आठ दिवस आधी सांगून या. चहा आमच्याकडेच घ्या, म्हणजे तो स्टोव्हही नको आणि परिक्षेत्र साहेबांना काळजीही नको. पण पावसाळ्यात येऊ नका. पावसाळ्यात पांदण आमची नुसती वाट नसते, ती आमची शीर असते.

लो-रेशो यांचे पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. पारशिवनीकर दादा, त्या सहा गाड्या आमच्या नव्हत्या, परंतु आमच्या असत्या तरी आम्हीही हात हलवूनच निघालो असतो, हे कबूल करतो. पावसाळ्याचा बेत आम्ही रद्द केला आहे.

काळा कोट साहेबांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री बसून त्या माळाचा गावनकाशा काढला. मजेची गोष्ट अशी की तुटक दुहेरी रेषा खरोखर आहे. ती गावातून तलावापर्यंत येते, नाल्याच्या काठाने चालते आणि नाला न ओलांडता पूर्वेकडे शेजारच्या गावाला वळते. आम्ही ज्या चाकोरीने नाला ओलांडला ती नकाशात नाही. बहुधा मुरूम नेणाऱ्या ट्रॅक्टरांनी ती पाडली असावी. नाल्यापलीकडच्या गटाचा सातबारा उघडला तर नोंद झुडपी जंगल. म्हणजे नकाशातली वाट आणि आमचा गुन्हा यांतले अंतर त्या नाल्याच्या पात्राएवढे, वीस पावलांचे होते. ते दोघे वनरक्षक बरोबर अलीकडच्या काठावर का उभे होते, हेही आता कळले.

जुना परिक्षेत्र काका, आपल्याला एक विचारायचे आहे. दिवाळीनंतर, थंडीत, प्रादेशिक वनातील एखाद्या असलेल्याच रस्त्याने जाण्यासाठी आम्ही अर्ज करणार आहोत. तो कसा लिहावा?

जुना परिक्षेत्र यांचे उत्तर

अर्ज संबंधित वनविभागाच्या उपवनसंरक्षकांच्या नावे करा आणि त्याची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या. महिनाभर आधी द्या, कारण तो खाली वनपरिक्षेत्र, सहवनक्षेत्र आणि नियतक्षेत्रापर्यंत अभिप्रायासाठी जातो आणि तसाच वर परत येतो. ‘अमुक परिसरात भ्रमंती’ असे मोघम लिहू नका. कोणत्या गावाकडून शिरणार, कोणत्या कक्ष क्रमांकांतून (वनाच्या क्रमांक दिलेल्या भागांतून) जाणार, कोठून बाहेर पडणार, हे नकाशावर रेघ मारून दाखवा. कक्ष क्रमांक ठाऊक नसतील तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन बसा आणि तेथील वनपालाला विचारा. त्याला विचारलेले आवडते, आणि कोणत्या महिन्यात कोणती वाट मोडली आहे हे त्याच्याइतके वर कोणाला ठाऊक नसते. गाड्या पाचपेक्षा जास्त नकोत. सूर्योदयानंतर आत आणि दुपारच्या आत बाहेर, वाट सोडून चाक खाली उतरवणार नाही, नाल्यात गाडी घालणार नाही, सोबत खात्याचा माणूस बसवण्यास हरकत नाही, हे स्वतःहून लिहा. ‘ऑफ-रोडिंग’ हा शब्द लपवू नका. लपवलात आणि नंतर तुमचीच छायाचित्रे कोणी समाजमाध्यमांवर पाहिली, तर पुढच्या दहा जणांचे अर्ज नाकारले जातील.

अर्ज नामंजूर झाला तर वाद घालू नका, कारण लेखी मागा. कधीकधी त्या कक्षात रोपवन असते किंवा वाघीण पिल्लांसह असते आणि ते उघडपणे सांगायचे नसते.

प्रत्येक गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडाव्या लागतील. तुमच्या त्या सव्वीस वर्षांच्या जिप्सीचे तेवढे पाहून घ्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, आणि म्हाताऱ्या माणसांचे कागद घरात नेमके कोठे ठेवले आहेत हे कोणालाच आठवत नसते.